गावच्या घरातला पहिला नाताळ, प्लास्टिक न आणता सजावट कशी करू?

ओटीवरची_मांजर
यंदा आम्ही वसई स्टेशनजवळचा फ्लॅट सोडून गावच्या घरी राहायला आलोय. नवऱ्याच्या आजीचं घर, कौलारू, पुढे ओटी, मागे केळी-नारळाची वाडी. फ्लॅटमध्ये दरवर्षी तेच, प्लास्टिकचं झाड, लुकलुकणाऱ्या माळा आणि जानेवारीत सगळं खोक्यात कोंबायचं, त्याचा कंटाळा आलाय म्हणून या वेळी बाजारातून शक्यतो काही आणायचं नाही असं ठरवलंय. माळ्यावर खजिना निघाला तो असा: पितळेचे दोन मेणबत्ती स्टँड, तांब्याचा हंडा, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कापसात गुंडाळलेले काचेचे चंदेरी गोळे (रंग थोडा उडालाय), कापडी वायरची दिव्यांची एक माळ, आजीचं लाल लुगडं. शिवाय पडवीत बैलगाडीचं एक चाक उभं आहे, नवरा म्हणतो भंगारात दे, माझं मन होत नाही. याचं काय काय करता येईल? आणि इन्स्टावर सगळीकडे पाइनकोन दिसतात ते ऑनलाइन मिळतायत, मागवू का?

सुरूबनातला
पाइनकोन अजिबात मागवू नका हो ताई, वसईत राहून! सुरुची बागेच्या किनाऱ्यावर एक चक्कर मारा, वाळूत सुरूची बोंडं पडलेली असतात, बोराएवढी, दिसायला हुबेहूब छोटे पाइनकोन. तसं सुरूचं आणि पाइनचं काही नातं नाही, पण झाड म्हणून आमच्याकडे पूर्वीपासून सुरूचीच फांदी उभी करतात. फक्त पडलेली फांदी उचला, उभं झाड तोडू नका, ती झाडं किनारा धरून ठेवायला लावलेली आहेत. फांदी तुमच्या त्या तांब्याच्या हंड्यात ओली वाळू भरून रोवा, मस्त दिसेल. हंडा चिंच-मीठ लावून घासून घ्या, पण आरशासारखा लखलखीत नको, थोडा काळपटपणा राहू दे.

आणि तारा विकत घेऊ नका, घरी करा, आकाशकंदील केला असेल तर हेही जमेल. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या, पाच-पाचचे दोन तारे बांधा, एकावर एक ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट आवळा, मग आत जिथे कामट्यांच्या फुल्या होतात तिथे दोन ताऱ्यांच्या मधे चार बोटं लांबीच्या काड्या अडकवा की तारा पोटाशी फुगतो. इथेच सगळ्यांचं चुकतं, काड्या कमी-जास्त झाल्या की तारा एका अंगाला कलतो. वरून पतंगाचा कागद, चिकटवायला मैद्याची खळ. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं की झुरळं कागद खात नाहीत, पण ते विषारी असतं, पोरांना त्यात हात घालू देऊ नका. आत एलईडीच लावा, जुना पिवळा बल्ब तापून कागद जाळतो.

थुरिंगियाहून_मी
चाक भंगारात देऊ नका!!! मी जर्मनीत राहते, इकडे नाताळच्या आधीचे चार रविवार घराघरात आगमनकाळाचं चक्र ठेवतात, हिरव्या फांद्यांचं कडं आणि त्यावर चार मेणबत्त्या. त्याची सुरुवात १८३९ मध्ये हॅम्बुर्गच्या एका अनाथ मुलांच्या संस्थेत झाली असं सांगतात. योहान विखर्न नावाचे पाद्री होते, पोरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यांनी जुन्या गाडीचं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या, इतर वारांसाठी छोट्या लाल आणि रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या. तुमच्याकडे तर अख्खं चाक तयार आहे! पण छताला टांगू नका, बैलगाडीचं चाक प्रचंड जड असतं, ओटीवर आडवं ठेवा, आऱ्यांमध्ये आंब्याच्या डहाळ्या आणि सुरूची बोंडं, वर मेणबत्त्या. मेणबत्त्यांखाली पणत्या किंवा वाट्या ठेवाच, सुरू वाळला की भुरकन पेटतो.

काचेच्या गोळ्यांबद्दल, पाण्याने धुऊ नका प्लीज. चंदेरी थर आतून असतो आणि रंग वरून, पाणी लागलं की दोन्ही सुटतात. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, बस. आमच्या इथून जवळच लाउशा गाव आहे, असले फुंकून केलेले गोळे तिथले प्रसिद्ध, आणि जुन्या बाजारात लोक रंग उडालेलेच शोधत फिरतात. नवीन रंग देऊ नका.

संत्र्याच्या चकत्या सुकवून पण टांगतात इकडे. तुम्ही मोसंबी घ्या, नागपुरी संत्र्याचं साल सुटं असतं, चकती धरत नाही. ओव्हन अगदी मंद, तीन-चार तास, मधे उलटायच्या.

नाचणीवाली
मोसंबी आपल्याकडे मुंग्या खातील, जर्मनीत असेल ते 😀

मी सावंतवाडीची, सासर म्हापशाचं. येशूच्या जन्माचा देखावा करतात त्या गोठ्याबद्दल कोणी बोललंच नाही! गोव्यात गोठ्याभोवतीचं गवत लोक घरीच उगवतात. नाचणी रात्रभर भिजवायची, करवंट्यांमध्ये बोटभर माती घालून पेरायची, आधी झाकून आणि मग उजेडात, नवरात्रातल्या घटासारखंच. १२-१३ डिसेंबरला पेरली की नाताळला बारीक लुसलुशीत हिरवळ तयार. गोठ्याला छप्पर पेंढ्याचं किंवा नारळाच्या पोयीचं (फुलोऱ्यावरचं होडीसारखं आवरण) करा, पोय उलटी ठेवली की आपोआप गुहा होते. मूर्ती जुन्या, टवका उडालेल्या असल्या तरी चालतील. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये ग्रेचो गावात देखावा केला तेव्हा चारा, बैल आणि गाढव एवढंच होतं म्हणतात. बाळ येशू २४ च्या रात्री ठेवायचा, बाळाला भेटायला येणारे तीन राजे मात्र दूर खिडकीत ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा, ६ जानेवारीला पोचले पाहिजेत. पोरं हे काम सोडत नाहीत.

वायरमन_काका
दोनच गोष्टी. ती कापडी वायरची माळ प्लगला लावू नका. आतलं रबर इतक्या वर्षांत कुरकुरीत झालेलं असतं, नुसती शोभेला गुंडाळा. दुसरं, रानातून लाल-काळ्या गुंजा आणून माळा ओवायची फॅशन आलीय, त्या बिया फार विषारी असतात, भोक पाडलेली तर जास्तच. घरात लहान मूल असेल तर त्यापेक्षा रिठे ओवा.

ओटीवरची_मांजर
बाप रे, किती सगळं! चाक राहिलं, नवऱ्याला तो हॅम्बुर्गचा किस्सा वाचून दाखवला तर आता स्वतःच तेल लावत बसलाय. गोठा पोयीचाच करणार. लुगड्याचं काय, कापून टेबलावर अंथरू का, की सासूबाई रागावतील?

नाचणीवाली
रागावतीलच, आणि बरोबर आहे त्यांचं. कापू नका. गोठ्यामागे बांबूवर टाकून पडद्यासारखं सोडा, खिळे-टाचण्या नकोत, मेणबत्त्या लांब. काढताना जुन्या घडीवर परत घडी घालू नका, तिथेच विरतं, सुती चादरीत गुंडाळी करून ठेवा.

सुरूबनातला
आणि नाताळ झाला की ओटीचा फोटो टाका. सुकेळी (आपली सुकवलेली केळी) असतील तर त्यांचाही 😋