पहिला बोन्साय घ्यायचा आहे: तयार झाड घेऊ की जाड बुंध्याचं साधं रोप?

नमस्कार मंडळी,

पहिलं बोन्साय झाड विकत घ्यायचं ठरवलं आहे आणि खरेदीपाशीच अडले आहे. निगा कशी राखायची यावर भरपूर माहिती मिळते. विकायला ठेवलेल्या दहा झाडांसमोर उभं राहून त्यातलं कोणतं उचलावं, यावर मात्र फारच कमी लिहिलेलं सापडतं. इथे ही झाडं वर्षानुवर्षं सांभाळणारी मंडळी आहेत, म्हणून सविस्तर विचारतेय.

माझ्याकडे पूर्वेकडची उघडी बाल्कनी आहे. सकाळी चार-पाच तास चांगलं ऊन येतं, दुपारनंतर सावली असते. हिवाळा सौम्य असतो, बर्फ किंवा गोठलेलं दव नाही. पाणी रोज बघू शकते. झाड बाहेरच राहील, घरात शोभेला ठेवायचं नाही.

आतापर्यंत पाहिलेली झाडं साधारण तीन प्रकारची आहेत. पहिला प्रकार म्हणजे उथळ कुंडीतली तयार झाडं. त्यात नागमोडी खोडाचे फायकस (वड-पिंपळाच्या गटातली झाडं) सर्वात जास्त. एकाशेजारी एक ठेवले तर वेगळे ओळखू येत नाहीत, वळण सगळ्यांचं तेच. शिवाय जाडजूड, फुगीर मुळांवर छोटा शेंडा असलेले, 'जिनसेंग' नावाने विकले जाणारे फायकस. दुसरा प्रकार नर्सरीतल्या काळ्या पिशवीतली साधी रोपं, उंच वाढलेली, ज्यांचा बोन्साय व्हावा असा कुणी विचारच केलेला नाही. तिसरा प्रकार मला सर्वात आवडला: जमिनीत काही वर्षं वाढवून, वरून कापून, मोठ्या कुंडीत लावलेली जाड बुंध्याची झाडं. दिसायला ओबडधोबड आहेत, पण त्यांच्यात करण्यासारखं काहीतरी शिल्लक आहे असं वाटतं.

माझे प्रश्न असे:

पहिलंच झाड तिसऱ्या प्रकारातलं घेणं धाडसाचं होईल का? आधी एखादं तयार झाड जगवून दाखवावं आणि मग पुढे जावं, असं काही जण सुचवतात. पण तयार झाडात फक्त पाणी घालणं आणि शेंडे खुडणं एवढंच हाती राहील, अशी भीती वाटते. मला आकार देण्याचं काम शिकायचं आहे.

दुसरं, झाडाच्या पाटीवर लिहिलेल्या वयाला किती महत्त्व द्यावं? 'वय २५ वर्षे' लिहिलं की किंमत वाढते, पण ते वय मोजलं कसं हे विचारलं की उत्तर मिळत नाही.

तिसरं, फोटो पाहून ऑनलाइन घ्यावं का? तिथे विविधता खूप दिसते.

आणि जाती. फायकस, जेड, चायनीज एल्म आणि ज्युनिपर डोक्यात आहेत. ज्युनिपर (सुईसारख्या किंवा खवल्यांसारख्या पानांचं सदाहरित झाड) फोटोत सर्वात देखणा वाटतो.

जरा मोकळेपणाने लिहा, लांब उत्तर असलं तरी चालेल.

प्रतिसाद १

तिसरा प्रकार घ्या. धाडस वगैरे काही नाही. फायकससारख्या चिवट जातीचं जाड बुंध्याचं, मोठ्या कुंडीतलं झाड हे उथळ कुंडीतल्या नाजूक झाडापेक्षा जगवायला सोपं असतं. मातीचा साठा जास्त, त्यामुळे एखाद्या दिवशी पाण्याला उशीर झाला तरी ते सोसतं.

आता नेमकं काय पाहायचं. नजर खालून वर न्या. बहुतेक लोक आधी पालवी पाहतात, आणि पालवी ही झाडातली सर्वात लवकर बदलता येणारी गोष्ट आहे. फांद्या नव्याने वाढवता येतात. बुंधा आणि त्याच्या पायाशी पसरलेली मुळं बदलायला मात्र वर्षं जातात, आणि उथळ कुंडीत खोड फार सावकाश जाड होतं. म्हणून पैसे बुंध्याचे आणि मुळांचे द्यायचे.

विक्रेत्याला विचारून बोटाने वरची माती थोडी बाजूला करा. मुळं चहूबाजूंनी, साधारण एकाच पातळीवर निघालेली हवीत. याला जपानीत नेबारी म्हणतात. सगळी मुळं एकाच बाजूला असतील, किंवा एक मूळ दुसऱ्यावरून आडवं जाऊन बुंध्याला आवळत असेल, तर ते झाड मागे ठेवा. (गुटी कलम करून नव्या पातळीवर मुळं फोडता येतात, पण पहिल्या झाडावर ते काम नको.) मग खोड पाहा: खाली जाड, वर निमुळतं. ज्या ठिकाणी अनेक फांद्या एकत्र फुटतात तिथे खोड खालच्यापेक्षा जाड झालेलं असतं, तो दोष डोळ्यांना सतत खटकत राहतो आणि सहजी जात नाही.

'जिनसेंग' फायकसबद्दल: ती फुगलेली मुळं खरीच असतात, पण वरचा पाला सहसा लहान पानांच्या दुसऱ्या वाणाचं कलम असतो. कलमाचा जोड बहुधा दिसतोच. झाड जगायला उत्तम आहे, फक्त त्यातून वडासारखा डौल यावा ही अपेक्षा ठेवू नका.

वयाची पाटी वाचू नका. खोडाची साल, निमुळतेपणा आणि फांद्यांचे फाटे जे सांगतात तेवढंच खरं. जिथे वयाला अर्थ असतो तिथे त्याच्यामागे नोंद असते. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटम या वृक्षउद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत घडवलेला. हिरोशिमातल्या यामाकी कुटुंबाकडे तो पिढ्यान्‌पिढ्या होता, १९४५ च्या अणुस्फोटातून वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला गेला. तिथे वय म्हणजे एका घराण्याने सांभाळलेला इतिहास आहे. पाटीवरच्या २५ मागे तसं काही नसेल तर तो फक्त आकडा आहे.

प्रतिसाद २

ज्युनिपरबद्दल सावध करतो. मुळं मेल्यानंतरही तो कित्येक आठवडे हिरवा दिसतो. दुकानात हिरवागार आहे म्हणजे जिवंत आहे असं धरू नका. टोकांना ताजी, फिकट हिरवी वाढ दिसते का पाहा, आणि शक्य असेल तर एखाद्या बारीक काडीची साल नखाने किंचित खरवडा. खाली ओलसर हिरवा थर हवा. शिवाय त्याला ऊन भरपूर लागतं आणि बहुतेक ज्युनिपरना हिवाळ्यातली थंड विश्रांती हवी असते. तुमच्या बाल्कनीत पहिल्या झाडासाठी मी त्याची शिफारस करणार नाही. फायकस किंवा चायनीज एल्म बरा. एल्म सौम्य हिवाळ्यातही चालतो आणि छाटणीला भराभर प्रतिसाद देतो.

जेड घेणार असाल तर शास्त्रीय नाव विचारा. या नावाने दोन वेगळी झाडं विकली जातात. मोठ्या जाड पानांचा क्रासुला ओव्हाटा आणि बारीक पानांचा, लालसर खोडाचा पोर्टुलाकारिया आफ्रा. बोन्सायसाठी दुसरा कितीतरी सरस, कारण पान लहान आणि फाटे दाट.

कुंडी उचलून तळाची भोकंही पाहा. वर गोंदाने चिकटवलेले खडे असतील तर पाणी नीट आत जात नाही आणि मातीची अवस्थाही कळत नाही. असं झाड घेतलंच तर घरी आल्यावर पहिलं काम ते खडे काढणं. आकार देण्यासाठी गुंडाळलेली तार सालीत रुतलेली असेल तर तो व्रण अनेक वर्षं राहतो, एल्मवर तर ठळकपणे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खालून वर पाहायचं हे सूत्र वापरून आधी काढलेले फोटो पुन्हा पाहिले आणि निम्मी झाडं आपोआप बाद झाली.

आता दोन फायकस उरलेत. एकाचा पाया सुरेख आहे, मुळं सगळीकडून पसरलेली, पण खोड जिथे कापलंय तिथे समोरूनच मोठा गोल व्रण दिसतो आणि फांद्या तीनच आहेत. दुसरा आत्ताच देखणा आहे, पालवी दाट, पण खोड मातीत काठी खोचल्यासारखं सरळ आत जातं. मन पहिल्याकडे जातंय. तो व्रण भरेल का?

प्रतिसाद १

पहिलाच. फायकस जखमा चांगल्या भरतो. व्रणाच्या जवळची फांदी मोकळी वाढू दिली तर तिथली साल लवकर आत सरकते. मोठी जखम पूर्ण बुजायला काही वर्षं लागतील. शिवाय 'समोर' कुठलं ते तुम्ही ठरवायचं. झाड गोल फिरवून पाहा, मुळं सगळीकडून चांगली असतील तर व्रण मागे टाकता येईल. नव्या कोंबांचं म्हणाल तर निरोगी फायकस जुन्या लाकडातूनही फुटतो.

ऑनलाइनचं राहिलं. फोटो त्याच झाडाचा आहे की नमुन्याचा, हे आधी विचारा. त्याच झाडाचा असेल तर चारही बाजूंचे आणि माती सारलेल्या बुंध्याचा जवळून फोटो मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला. परदेशातून मागवायचा विचार पहिल्या झाडासाठी सोडून द्या. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, मुळांची माती बहुधा पूर्ण धुवून पाठवावी लागते, आणि असं उघड्या मुळांचं, प्रवासाने थकलेलं झाड सावरणं हे अनुभवी हातांचं काम आहे. 'बोन्सायच्या बिया' विकणाऱ्यांपासूनही दूर राहा. बोन्साय ही वेगळी जात नाही, त्या पाकिटात साध्या झाडाच्याच बिया असतात.

धागाकर्ती

मग पहिलाच घेते. आणल्यावर लगेच उथळ कुंडीत हलवू का?

प्रतिसाद २

नको. विक्रेत्याला एवढंच विचारा की माती शेवटची कधी बदलली. नुकतीच बदलली असेल तर बुंधा हलवल्यावर डुगडुगतो. तसं असेल तर मुळं धरेपर्यंत हातच लावू नका. तसं नसलं तरी आधी काही आठवडे त्याला तुमच्या उन्हाची सवय होऊ द्या, दोन-चार पानं गळली तर घाबरू नका, जागा बदलली की फायकस पानं टाकतोच. पाणी वेळापत्रकाने नाही, बोट मातीत घालून पाहून. नवी पालवी जोमाने फुटली आणि उबदार, वाढीचा हंगाम असला की मग कुंडी बदला, आणि त्याच वेळी जोरदार छाटणी करू नका. उथळ कुंडीची घाई मुळीच नाही. फांद्या जाड करायच्या आहेत तोवर त्याला सध्याची मोठी कुंडीच हवी.