दाखला आणि जन्माची नोंद आधी सांभाळा

इंदिरानगरच्या ताईंनी विचारलंय, मुलीला घरी शिकवलं तर कायदा आड येईल का? आम्हीही नाशिकचेच, मुलाला घरीच शिकवतो, म्हणून सांगते.

२००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात घरच्या शिक्षणाला स्पष्ट मान्यता नाही, पण शाळेत न घालणाऱ्या पालकांना शिक्षाही नाही. घरी शिकवण्यासाठी वेगळी परवानगी किंवा नोंदणी नसते. त्यामुळे खरी काळजी कागदपत्रांची घ्या. महापालिकेचा जन्मदाखला हवाच. मुलगी शाळेत जात असेल तर शाळा सोडल्याचा मूळ दाखलाही मागून घ्या. आम्ही तो घ्यायला उशीर केला आणि पुढे फार हेलपाटे पडले.

दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग आहे, तिथे किमान वय १४. राज्य मंडळाची परीक्षा १७ नंबरचा फॉर्म भरून खाजगीरीत्या देता येते. नाशिकला विभागीय मंडळ आहेच. आणि मधेच शाळेत परत जावंसं वाटलं, तर त्याच कायद्याच्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. मुलीलाही हे सांगून ठेवा, तिला फार धीर येईल.