पोरांना फुटबॉल शिकवतोय, पण शिकवायचं कसं हे मला कोण शिकवणार?

पेठेतला_राइट_बॅक
नमस्कार मंडळी. पंधरा वर्षं कोल्हापुरात एका तालमीच्या फुटबॉल संघाकडनं शाहू स्टेडियमवर खेळलो. गुडघा गेला आणि बूट खुंटीला लागले. आता रोज सकाळी सहा ते सव्वासात गांधी मैदानावर गल्लीतल्या पोरांना शिकवतोय. दहा ते तेरा वयाची २२ पोरं, चार बॉल, आठ कोन (खुणेला ठेवायचे शंकू). सुरुवात केली तेव्हा ३५ होती.

अडचण अशी की मला पास देता येतो, पण पाय नेमका कसा वळतो ते सांगता येत नाही. "अरे असा मार की!" एवढंच तोंडातनं निघतं. गेल्या रविवारी मॅचमध्ये आमच्या गोलीनं दोन पायांमधनं गोल खाल्ला. मी रेषेवरनं ओरडलो, माझ्या मागनं त्याचा बाप ओरडला. सोमवारपासनं पोरगं आलंच नाही. त्याचे हातमोजे अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहेत.

कोर्स, व्हिडिओ, काहीही सुचवा. अभ्यास करायची तयारी हाय, पैसे मात्र बेताचेच.

निवृत्त_पीटी
कोर्सचं नंतर बघू. आधी एक काम करा. फार चांगला नाही आणि फार कच्चाही नाही असा एक मुलगा निवडा. कुणाला तरी घड्याळ आणि वही घेऊन बाहेर बसवा. त्या मुलाचा पाय बॉलला किती वेळा लागला आणि तो नुसता उभा किती वेळ होता, एवढंच मोजायचं. मुलाला कळू देऊ नका. आकडे इथे लिहा, मग बोलू.

मातीतला
मोजून काय होतंय वं? पोरं पळाली कारण हल्लीच्या पोरांना सोसत नाही. आमच्या कुस्तीच्या तालमीत पहाटे चारला उठवायचे. जोर-बैठका चुकल्या की पाठीत काठी. तवा कुठं अंगात रग आली. शिस्त लावा, सगळं आपोआप येतंय.

पेठेतला_राइट_बॅक
@निवृत्त_पीटी सर, धाकट्या भावाला बसवला होता. सव्वा तासात पोराचा पाय बॉलला ४१ वेळा लागला. रांगेत उभा २६ मिनिटं. माझं बोलणं ऐकत १९ मिनिटं. भावानं खाली लिहिलंय, "दादा तू लई बोलतोस."

निवृत्त_पीटी
भावाला चहा पाजा.

आता रांगा बंद. तुमच्याकडे चार बॉल आहेत ना? मग चार चौकोन आखा, साधारण वीस पावलं बाय पंधरा. दोन चौकोनांत तीन विरुद्ध तीन, उरलेल्या दोनांत तीन विरुद्ध दोन. झाली २२ मुलं, एकही रांगेत नाही. आठ कोन चौकोनांना, गोलाला चपला ठेवा.

जे शिकवायचं ते तोंडाने सांगण्याऐवजी नियमात घाला. पास वाढायला हवेत? तिघांचाही पाय लागल्याशिवाय गोल धरायचा नाही. मुलं मान खाली घालून बॉलच बघतात? दोन्ही बाजूंना कोपऱ्यात दोन-दोन गोल ठेवा. एक गोल अडवला की दुसरा मोकळा राहतो, मान वर केल्याशिवाय तो दिसणारच नाही. कोनातून नागमोडी बॉल नेण्यात मुलं चार दिवसांत तरबेज होतात, पण कोन कधी आडवा येत नाही. कधी, कुठे, कुणाला द्यायचा हे ठरवायची सवय समोर माणूस असला तरच लागते.

बोलायचं तेव्हा खेळ थांबवून अर्ध्या मिनिटात एकच गोष्ट. तीही पायाबद्दल नको, बॉलबद्दल सांगा. "घोटा आत वळव" म्हटलं की मुलगा घोट्यात अडकतो. "बॉल त्याच्या पुढच्या पायावर, जमिनीलगत गेला पाहिजे" म्हटलं की घोटा बहुधा आपला आपण वळतो. पाय कसा वळतो हे तुम्हाला सांगता येत नाही ना? बरंच आहे, सांगूच नका.

अमेरिकेत जॉन वुडन म्हणून बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते. १९६४ ते १९७५ या काळात त्यांच्या कॉलेजने दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. दोन मानसशास्त्रज्ञांनी त्यांच्या सरावाला बसून त्यांचं बोलणं मोजलं. त्यात सुमारे तीन चतुर्थांश निव्वळ माहिती होती: काय करायचं, कसं करायचं. शाबासकी आणि राग, दोन्ही मिळून चौदा टक्क्यांच्या आतच. हाच माणूस मोसमाच्या पहिल्या दिवशी मोजे कसे घालायचे ते शिकवायचा, कारण चुणी राहिली की पायाला फोड येतो.

@मातीतला, पहाटे चारला उठवत हे खरं. पण तुमचे वस्ताद लढत चालू असताना किती बोलायचे, ते आठवून सांगा.

मातीतला
कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून असायचे. बोलायचे नाहीत. मधनंच "पट काढ" नाहीतर "मान सोड". बस.
ते खरं हाय म्हणा तुमचं. आणि डावसुद्धा एकटा घोटून येत नाही, जोड तगडा लागतोय. पण काठी पण होतीच.

निवृत्त_पीटी
होती. काठीमुळे किती जण तालीम सोडून गेले ते कुणी मोजलं नाही. खासबागेच्या कुस्ती मैदानात पोचले त्यांचंच आपण बोलतो.

गुडघेदुखी_फिजिओ
दोन गोष्टी. मैदानाला दोन फेऱ्या मारणं म्हणजे वॉर्मअप नव्हे. फिफाचा 'इलेव्हन प्लस किड्स' हा कार्यक्रम १४ वर्षांखालच्या मुलांसाठीच आहे. एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, पडायचं कसं, अशा सात कसरती आहेत. फुकट आहे.

दुसरं, या वयात मुलं झपाट्याने उंच होतात. गुडघ्याच्या वाटीच्या खाली, नळीच्या हाडावर दाबलं की दुखतंय, तिथं टेंगूळ आलंय, असं कुणी म्हणालं तर "नाटक करतोय" म्हणू नका. वाढत्या हाडावर स्नायूची ओढ बसते, त्याने होतं. पळणं-उड्या कमी करायच्या आणि डॉक्टरांना दाखवायचं. कुणी लंगडत असेल तर त्या दिवशी खेळ बंद. आणि उंची दर तीन महिन्यांनी भिंतीवर खुणा करून ठेवा. कालपर्यंत चपळ असलेला मुलगा अचानक धडपडायला लागला, तर बऱ्याचदा त्याचं उत्तर त्या भिंतीवर असतं.

राजारामपुरीची_आई
आम्हा पालकांचंही काहीतरी करा हो. माझा मुलगा दुसरीकडे जातो, तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मॅचला टाळ्या चालतील, सूचना चालणार नाहीत. आधी राग आला. मग लक्षात आलं की मी "पुढे जा" ओरडत होते आणि सर "थांब" सांगत होते. घरी येताना गाडीवर मॅचचा विषय मी काढत नाही, तो काढतो.
अजून एक. कुठल्याही मुलाला एकट्याला घरी किंवा खोलीत बोलावू नका, मैदानावर कायम दुसरं मोठं माणूस हवं, मेसेज पालकांच्या ग्रुपवरच. तुमच्यावर संशय म्हणून नाही. नियमच तसा असावा.

रंकाळा_वारा
कोर्सचं मी सांगतो. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचसाठीच्या परवान्यांत डी, मग सी, बी, ए अशी चढण आहे. तुला आत्ता डी पुरे. पतियाळाची एनआयएस, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासनं आहे. वर्षभराच्या डिप्लोमापेक्षा सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स नोकरी सांभाळून जमण्यासारखा. पण भावा, कागद मिळाला म्हणजे कोच झाला असं नाही. एका परवानेवाल्या साहेबांकडं माझा पुतण्या होता, पूर्ण मोसम बाकावर बसवला. बारा वर्षांच्या पोराला! तू सगळ्यांना सारखा वेळ खेळव, हरलास तरी चालतंय.

पेठेतला_राइट_बॅक
सगळ्यांचे आभार. चौकोन आखले. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ, मला वाटलं फसलं. चौथ्या दिवशी भावानं परत मोजलं: त्याच पोराचे १८७ टच, माझं बोलणं सहा मिनिटं. गप बसायला लई जड जातंय, म्हणून शिट्टी तोंडात धरून ठेवतोय.

काल संध्याकाळी हातमोजे घेऊन गोलीच्या घरी गेलो. चुकलं माझं, म्हणालो, त्याच्या बापासमोरच. बाप टीव्हीकडं बघत बसला. पोरगं बराच वेळ हातमोज्यांच्या पट्ट्या उघडत-लावत होतं. मग म्हणालं, "उद्या येतो. पण पुढं खेळणार."

तर आता एक सांगा, तीन विरुद्ध तीनमध्ये गोली ठेवायचाच का? दुसरा कुणी उभा राहायला तयार नाही.