आल्प्स पहिल्यांदाच, आई-बाबा सोबत: जून की सप्टेंबर?

रानवाट
नमस्कार. हाताशी आठ दिवस आहेत. आई-बाबा सत्तरीचे, चालायची हौस आहे, पण उतार लागला की बाबांचे गुडघे धरतात. यादीत स्वित्झर्लंडमधले झरमॅट आणि युंगफ्राऊ, फ्रान्समधलं शामोनी आणि इटलीतले डोलोमाइट्स आहेत. काय गाळू? आणि जावं कधी?

कडेकपारी
शामोनी आणि डोलोमाइट्स, दोन्ही गाळा. नाहीतर निम्मी सहल सामान ओढण्यात जाईल. युंगफ्राऊच्या पायथ्याशी लाउटरब्रुनेनच्या दरीत पाच रात्री एकाच खोलीत राहा, मग झरमॅट.

या दरीवर माझा फार जीव आहे. गावालगतच श्टाउबबाख धबधबा जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचं नुसतं धुकं होतं. थोडं पुढे ट्र्युमेलबाख, डोंगराच्या पोटातले धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राऊ या तिन्ही शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तिथून उतरतं. आत लिफ्ट आहे, तरी ओल्या पायऱ्या चुकत नाहीत. बाबांचा हात धरा.

दरीच्या वरच्या अंगाला मेनलिखेन हा माथा ते क्लाइन शायडेक ही खिंड, ही साडेचार किलोमीटरची वाट सगळे उताराच्या दिशेनं चालतात. तुम्ही उलटी चाला. चढ पावणेदोनशे मीटरच्या आत आहे, गुडघ्यांना बरा. आयगर पाठीशी राहतो, तेव्हा मध्ये मध्ये थांबून मागे वळून बघायचं. उतरायला केबल कार आहेच.

हिमगौरी
धबधबे भरलेले हवे असतील तर जून, बर्फ वितळत असतो. पण त्याच बर्फामुळे उंचावरच्या वाटा जूनच्या सुरुवातीला बंद असू शकतात. चालायचं असेल तर सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, तेही टळतं.

युंगफ्राऊयोखचं, म्हणजे रेल्वेनं जाता येणाऱ्या उंच खिंडीचं, तिकीट आधी काढून ठेवू नका. ३,४५४ मीटरवर ढग असले तर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. सकाळी वेबकॅम बघा, मगच निघा. आभाळ मोकळं असेल तर समोर ‘आलेच’ नावाची हिमनदी दिसते, आल्प्समधली सर्वांत मोठी. आई-बाबांना दम लागेल, वर सावकाश चाला. निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या.

कडेकपारी
झरमॅटला गोर्नरग्राट या कड्यावर जाणारी, दातेरी रुळावरून चढणारी रेल्वे घ्या, १८९८पासून चालू आहे. परतताना रोटेनबोडेनला उतरलात की जवळच रिफेलझे तळं आहे. वारा पडलेला असेल तर त्यात मॅटरहॉर्नचं अख्खं शिखर उलटं दिसतं. सकाळी लवकर जा.

रानवाट
मनापासून आभार. सप्टेंबर ठरला. उलट्या वाटेचं ऐकून बाबा खूश आहेत. वाटेवरच्या पाट्या कशा वाचायच्या?

हिमगौरी
पिवळ्या पाटीवर बहुधा अंतर नसतं, वेळ असते, आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. तुम्ही दीडपट धरा. पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसला तर वाट डोंगरी आहे, घोट्यापर्यंतचे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर आई-बाबांना घेऊन तिकडे वळूच नका.