'कॉन्ट्रास्ट'ला मराठीत काय म्हणायचं?

हुरडा
पुतणीचा कृषीचा प्रबंध झालाय. त्यातलं सार शेतकऱ्यांसाठी चार पानांत मराठीत उतरवतोय, तिथं अडलो. ज्वारीचे तीन वाण, प्रत्येक गावात तिन्ही पेरलेले. संख्याशास्त्राच्या मॉडेलमध्ये वाण हा स्थिर परिणाम (हेच तीन तोलायचे), गाव आणि गाव-वाण जोडी यादृच्छिक (रँडम). मालदांडी ३५-१ या जुन्या वाणाच्या सरासरीला भार (गुणायचा आकडा) १, दोन नव्या वाणांच्या सरासरीला प्रत्येकी −½, भारांची बेरीज शून्य. हा झाला 'कॉन्ट्रास्ट'. तो शून्याहून खरंच वेगळा आहे का, ते तपासायचं. मी 'विरोध' लिहिलं. मोहोळला एका आजोबांनी त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "मालदांडीला विरोध कोण करतंय?" त्यांचं बरोबरच होतं. शब्द सुचवा.

अन्वय
व्यतिरेक. न्यायशास्त्रातली अन्वय-व्यतिरेक (हे असेल तर ते असतं, हे नसेल तर ते नसतं) ही जोडी आपल्याकडे आधीपासून आहे, नवं काही घडवायला नको.

ताणाबाणा
शाळेत व्यतिरेक हा अलंकार शिकलो. उपमेय उपमानाहून सरस ठरतं, तो. म्हणजे तपासायच्या आधीच एक वाण सरस ठरवायचा का? सरळ 'तफावत' लिहा. मार्केट यार्डात वजनात तफावत आली की कुणाला अर्थ सांगावा लागत नाही.

अन्वय
तफावत अरबी, फारसीच्या वाटेनं आलेला. शास्त्राच्या परिभाषेला संस्कृतच हवं, त्यातून पुढचे शब्द साधता येतात.

ताणाबाणा
फरकही अरबीच. तो काढून दोन ओळी बोलून दाखवा.

हुरडा
मूळ कुठलं ते राहू द्या, अर्थ बघा. तफावत दोघांतली असते. इथं तिघं आहेत, आणि भार ठरवून दिलेले. शिवाय एखाद्या गावची काळी जमीन खोल असली की तिथं तिन्ही वाण चढतात. ते चढणं वजाबाकीत निघून जातं. पण एखाद्या गावाला नवा वाणच तेवढा मानवला, तर ते जात नाही. मग खात्री मुख्यतः गावं किती यावर ठरते, एकेका गावात वाफे किती पाडले यावर तेवढी नाही. म्हणूनच पुतणीनं केनवर्ड-रॉजर (१९९७) पद्धतीनं डिग्रीज ऑफ फ्रीडम, म्हणजे निष्कर्षामागं खरोखर किती स्वतंत्र माहिती आहे तो आकडा, काढले. नाहीतर थोड्या गावांवरून भलताच ठाम निष्कर्ष निघतो, आणि शेतकरी त्यावर बियाणं बदलतो. शब्द नेमका हवा तो यासाठी.

चाटी गल्ली
आमच्याकडे साडीला 'कॉन्ट्रास्ट काठ'च म्हणतात. पण मागावर बसणारी आजी म्हणायची, "हिरव्याला लाल काठ धर, उठाव येतो." उठाव घ्या की.

अन्वय
उठाव १८५७चा.

चाटी गल्ली
आणि मालाला उठाव नाही, तो? एक शब्द तीन ठिकाणी राबतोय, कुणाचा गोंधळ होत नाही.

मोहोळकर
मला 'यादृच्छिक' जास्त खटकतो. यदृच्छा म्हणजे आपसूक घडलेलं, गीतेत यदृच्छालाभसंतुष्ट आहे तसं. गावं तर तुम्ही निवडलीत ना?

हुरडा
चिठ्ठ्या टाकून निवडली. ही गावं तालुक्यातल्या साऱ्या गावांतला नमुना धरली आहेत, असा अर्थ. पण मोहोळकर, पत्रकात हे कसं लिहू तेही सांगा.

मोहोळकर
'नमुन्यातली गावं' लिहा की.

ताणाबाणा
चाटी गल्ली, तुमची आजी ताणा-बाणाच म्हणायची का?

चाटी गल्ली
गिऱ्हाइकापुढं हो. घरात तेलुगू, तिथं पडुगु-पेक. पडुगु म्हणजे उभा धागा. आईला विचारून अजून लिहितो, तिला सगळे शब्द पाठ आहेत.