चांगल्या शाळांत शिक्षक नेमकं काय वेगळं करतात?

खडूफळा:
जि.प. शाळेवर आहे, चार शिक्षकी. लोकवर्गणीतून भिंती रंगल्या, टीव्ही आला, फरशीवर अंकतक्ते पण काढले, तरी वर्गात "वह्या काढा, उतरवून घ्या" हेच चाललंय. सहकारी वाईट नाहीत हो, पण कोणी कोणाच्या वर्गात डोकावत नाही. खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जि.प. शाळेला २०२५ ला जागतिक पुरस्कार मिळाल्यापासून "तसं करा" ऐकतोय. तसं म्हणजे कसं?

सातारी कंदी:
फरशी रंगवायचं वेड कुमठे बीटमुळे पसरलं, बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडच्या शाळांचा गट. साताऱ्याजवळच्या त्या ४० शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडमनी ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने स्वतः करून बघत शिकायचं, हे रुजवलं, मग राज्यभरातून शिक्षक गाड्या भरभरून बघायला यायला लागले, आले, फोटो काढले आणि गावी जाऊन ऑइलपेंटचे डबे आणले! मॅडमचा खरा जोर होता पोराला वर्गात भीती वाटू नये यावर आणि मूल शिकतं कसं हे शिक्षकाला कळावं यावर, ते फोटोत कुठून येणार.

दुसरीच्या बाई:
आमच्याकडे आम्ही दोघींनीच सुरुवात केली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की अर्धा तास बसायचं आणि एवढंच बोलायचं की या आठवड्यात कोणतं पोर कुठे अडलं. माझ्या वर्गात ५२ वजा २७ ला निम्मी पोरं "दोनातून सात जात नाही" म्हणून सातातून दोन काढून मोकळी, उत्तर ३५. शेजारच्या वर्गाची ती दुसरी बाई म्हणाली काड्या दे. दहा-दहाचे पाच गठ्ठे न् दोन सुट्या काड्या, २७ मला दे म्हटलं तर एका पोरीने थोडा वेळ बघितलं आणि स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढलं, मग काय, सगळेच रबर काढायला लागले, नुसता गोंगाट. हातचा मी शिकवलाच नाही त्या दिवशी. हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही, शेजारच्या वर्गातून मिळालं.

बिगारी ते बीएलओ:
सगळं खरंय पण वेळ कुठाय? पोषण आहार, यू-डायसची शाळेची माहिती भरणं, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, वर रोज एक नवीन लिंक. शिकवणं उरलेल्या वेळात.

सातारी कंदी:
@बिगारी, मान्य, ती कामं काढल्याशिवाय हे सगळीकडे होणार नाही. पण आपल्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद तर होतेच ना दर महिन्याला, तिथे परिपत्रकं वाचण्याऐवजी एकाने एक पाठ घेऊन दाखवला तरी पुष्कळ. आणि जालिंदरनगरचं म्हणाल तर तिथली विषयमित्र पद्धत बघा, पोरं पोरांना शिकवतात. याला पैसा लागत नाही, फक्त वर्ग गप्प बसला पाहिजे हा हट्ट सोडावा लागतो, आणि तोच सुटत नाही आपला.

खडूफळा:
काड्यांचं सोमवारीच करतो. तिसरीच्या सरांना वर्गात येऊन बसू का विचारलं तर तपासणीला आलो असं नाही ना वाटणार त्यांना?

दुसरीच्या बाई:
वाटेल. म्हणून आधी त्यांनाच तुमच्या वर्गात बोलवा.