जर्मनीहून ॲडव्हान्स येणार: आयएफएससी द्यायचा की स्विफ्ट?

टॉवेलवाला_सोलापूर: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचं युनिट आहे. हॅम्बुर्गचा बायर (खरेदीदार) युरोत ॲडव्हान्स पाठवतोय, त्याला आयबॅन (युरोपात चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) आणि बीआयसी (बँकेचा आंतरराष्ट्रीय कोड) हवाय. पासबुकात फक्त आयएफएससी आहे. तोही ११ अक्षरीच, मग तोच चालेल का?

फॉरेक्स_डेस्क: नाही चालणार. आयएफएससीत पाचव्या जागी कायम शून्य असतं. बीआयसीत (म्हणजेच स्विफ्ट कोड) पाचवं-सहावं अक्षर देशाचं, आपल्याकडे 'आयएन'. तिथं शून्य आलं की फॉर्म पुढेच सरकत नाही. बीआयसीची रचना अशी: ४ अक्षरं बँकेची, २ देशाची, २ ठिकाणाची, शेवटची ३ शाखेची (ती ऐच्छिक). स्टेट बँकेचा एसबीआयएन-आयएन-बीबी हा ८ अक्षरी, मुंबईचा. शेवटी तीन 'एक्स' लावले तरी अर्थ तोच, मुख्य कार्यालय.

प्रत्येक शाखेला स्विफ्ट कोड नसतो. गूगलवरून उचलू नका, शाखेतून लेखी घ्या. आयएफएससी मात्र शाखेच्या पत्त्याच्या ओळीत लिहायला सांगा, मुंबईहून पैसे तुमच्या खात्यात वळवायला सोपं जातं.

आयबॅन भारतात नाहीच. बायरनं सेपाचा (युरोपातल्या युरोतल्या पेमेंटची व्यवस्था) फॉर्म उघडला असणार, म्हणून मागतोय. त्याला परदेशी पेमेंटचा फॉर्म घ्यायला सांगा, त्यात साधा खाते क्रमांक चालतो. 'भारतीय आयबॅन' बनवून देणाऱ्या साइट्सच्या नादी लागू नका.

हिशेबनीस: खातं सहकारी बँकेत असेल तर आधी चौकशी करा. बऱ्याच सहकारी बँकांकडे स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, पैसे दुसऱ्या बँकेमार्फत येतात. तेव्हा त्या बँकेचा कोड आणि तुमच्या बँकेचं तिथलं खातं, दोन्ही द्यावं लागतं. शिवाय युरोसाठी तुमच्या बँकेची करस्पॉन्डंट बँक (तिच्या वतीने परदेशात पैसे घेणारी बँक) कोणती तेही विचारून बायरला कळवा.

खात्यावरचं नाव हुबेहूब द्या. खातं 'टेक्सटाइल्स' नावाचं आणि इन्व्हॉइसवर 'टेक्सटाइल' असेल तर चौकशीत अडकतं.

टॉवेलवाला_सोलापूर: आणि रक्कम कमी आली तर?

फॉरेक्स_डेस्क: चार्जेस 'शा' (दोघांत वाटून) असतील तर मधली बँक आपला वाटा कापते. पूर्ण रक्कम हवी असेल तर 'अवर' ठरवून घ्या, खर्च बायरचा. मालाच्या ॲडव्हान्सला पर्पज कोड (पैसे कशासाठी आले ते सांगणारा कोड) पी०१०३. तो बँक तुम्हालाच विचारेल, सोबत प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (माल पाठवण्याआधीचं कच्चं बिल) लागतं.

पैसे दिसेनात तर बायरकडून नुसती पावती नको, ३६ अक्षरांचा यूईटीआर (त्या पेमेंटचा माग काढायचा क्रमांक) मागवा. त्यावरून पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते तुमची बँक शोधू शकते.